आधी वाट, मग डबा: टर्बो गाडीचं क्रँककेस व्हेंटिलेशन आणि कॅच कॅन

बॉनेट उघडलं तेव्हा डिपस्टिक दोन बोटं वर येऊन उभी होती. तिच्याभोवती ऑइलचे शिंतोडे, हीट शील्डवर पडलेल्या थेंबांचा जळका वास, आणि शेजारी मी आठवडाभरापूर्वीच बसवलेला चकचकीत कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाफेतलं ऑइल अडवून साठवणारा डबा. झाकण उघडून पाहिलं तर तळ जेमतेम ओला. कारण शोधायला वेळ लागला नाही. डब्यासोबत आलेला पाइप आतून ९ मिमी होता आणि गाडीचा मूळ ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनाचा श्वास घ्यायचा पाइप, १९ मिमी. व्यास निम्म्याहून कमी म्हणजे वाट जवळजवळ साडेचारपट अरुंद. इंजिनाचा गळा मी स्वतःच्या हातानं आवळला होता, आणि वाफेनं मग डिपस्टिकच्या नळीतून वाट काढली.

त्यानंतर कोणी "कोणता कॅच कॅन घेऊ?" असं विचारलं की मी आधी "तुझे पाइप आतून किती मिलिमीटरचे आहेत?" असं विचारतो. डबा ही या कामातली सर्वांत सोपी वस्तू आहे. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली हवा कुठून येते, कुठून जाते आणि कधी दिशा बदलते, हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं काम पाना फिरवण्याचं.

हवेचा रस्ता

पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या बाजूनं खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं इंधन असतं, पाण्याची वाफ असते, आम्ल तयार करणारे वायू असतात, आणि फिरत्या क्रँकनं उडवलेलं ऑइल धुक्यासारखं त्यात मिसळतं. टर्बो गाडीत सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून हा वायूही जास्त. पूर्वीच्या गाड्यांत तो एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडून देत. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून तो परत इनटेकमध्ये ओढून जाळायची पद्धत आली. तिचा मुख्य भाग म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह, वाफेला फक्त इनटेककडे जाऊ देणारी एकतर्फी झडप.

टर्बो नसलेल्या गाडीत एवढं समजलं तरी चालतं. टर्बो गाडीत मात्र दोन वेगवेगळे खेळ चालतात.

आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) किंवा निवांत चालवताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम असतो. आयडलला वातावरणापेक्षा साधारण ०.६ ते ०.७ बार कमी दाब. पीसीव्ही उघडा असतो आणि क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे ओढली जाते. तिची जागा घ्यायला ताजी हवा येते ती ब्रीदर पाइपातून. हा पाइप एअर फिल्टरच्या पुढे आणि टर्बोच्या अलीकडे इनटेकला जोडलेला असतो, आणि दुसरं टोक टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण).

पाय दाबला, बूस्ट (टर्बोनं दाबून भरलेली हवा) आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब तयार होतो. पीसीव्ही बंद होतो, निदान व्हायला हवा. ब्लो-बाय सर्वांत जास्त असतो तो नेमका याच वेळी, आणि आता त्याला बाहेर पडायला ब्रीदरचा पाइप सोडून दुसरी वाट नसते. ज्या पाइपातून मघाशी ताजी हवा आत येत होती त्यातूनच आता वाफ बाहेर येते आणि टर्बोच्या तोंडाशी असलेली हलकी ओढ तिला खेचून घेते.

थोडक्यात, पीसीव्हीचा पाइप एकतर्फी आणि ब्रीदरचा दुतर्फी. पुढची जवळजवळ प्रत्येक चूक हे विसरल्यामुळे होते.

वाट अपुरी पडली की पहिला मार बसतो टर्बोला. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतं, पिस्टन रिंगेसारख्या धातूच्या बारीक रिंगा असतात. बेअरिंगमधलं ऑइल केवळ गुरुत्वाकर्षणानं, जाड ड्रेन पाइपातून संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) उतरतं. क्रँककेसमध्ये दाब साठला की ते उतरायचं थांबतं, टर्बोच्या पोटात तुंबतं आणि रिंगांच्या बाजूनं कॉम्प्रेसर किंवा टर्बाइनकडे निसटतं. गाडी निळा धूर मारायला लागते, गॅरेजवाला "टर्बो गेला" म्हणतो, नवा टर्बो बसतो आणि तोही महिनाभरात धूर मारायला लागतो. नवा टर्बो घेण्याआधी क्रँककेसचा दाब मोजा, हे सांगून मी दोन-तीन मित्रांचे चांगले टर्बो वाचवलेत.

ऑइलचं धुकं इनटेकमध्ये गेल्यानं काय बिघडतं? इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) आत थर बसतो आणि तो उष्णता नीट टाकत नाही. ऑइलमुळे मिश्रणाची नॉक (वेळेआधी आपोआप पेटून होणारी ठोकठोक) सहन करायची ताकद कमी होते. आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंधन इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, म्हणून तिथे साचलेला काजळीचा थर धुवायला कोणी नसतं. तुमची गाडी पोर्ट इंजेक्शनची (इंधन इनटेक व्हॉल्व्हच्या आधीच फवारणारी), रिंगा चांगल्या आणि बूस्ट कंपनीनं दिला तेवढाच असेल, तर खरं सांगायचं म्हणजे कॅच कॅनवाचून काही अडत नाही. पीसीव्ही वेळेवर बदला, पुरे.

आधी मोजमाप

हत्यारं काढण्यापूर्वी इंजिनाची तब्येत बघा. लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे बंद सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती गळते ते मोजा. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर छान. २० च्या वर गेली आणि ऑइलच्या झाकणातून हवेचा सुस्कारा ऐकू आला तर रिंगा थकल्या आहेत. अशा इंजिनाला डबा लावणं म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवणं.

मग क्रँककेसचा दाब. गरम इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. हलकी ओढ जाणवली पाहिजे. वाफ फुरफुरत बाहेर येत असेल तर पीसीव्ही तुंबलाय किंवा ब्लो-बाय जास्त आहे. उलट झाकण निघता निघत नसेल आणि बारीक शिट्टी ऐकू येत असेल, तर टॅपेट कव्हरमधला रबरी डायफ्राम फाटलेला असण्याची शक्यता मोठी. ज्या गाड्यांत पीसीव्हीऐवजी डायफ्रामवाला रेग्युलेटर असतो त्यांत हे नेहमीचं दुखणं आहे.

ओढ साधारण वाटली तर नेमकी मोजा. दीड-दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर बांधा, निम्मी पाण्यानं भरा आणि पाण्यात शाईचा थेंब टाका. एक टोक डिपस्टिकच्या नळीला हवाबंद जोडा, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. इंजिनाकडची बाजू थोडी वर चढली पाहिजे. झाकण घट्ट ओढून धरणाऱ्या इंजिनाला मात्र ही नळी लावू नका, पाणी सरळ आत जाईल.

ही नळी उभ्या गाडीपुरती. बूस्टमधला दाब बघायला कमी रेंजचा प्रेशर सेन्सर किंवा गेज डिपस्टिकच्या नळीला जोडा, मोकळ्या आणि सुरक्षित जागी गाडी पूर्ण बूस्टवर न्या आणि आकडा शेजारी बसलेल्या माणसाला वाचायला सांगा. आकडा शून्याच्या आसपास किंवा किंचित खाली असावा. तो २-३ किलोपास्कलच्या वर जायला लागला की मी वाट अपुरी आहे असं धरतो. आत्ताचा आकडा लिहून ठेवा, डबा बसवल्यावर तो वाढता कामा नये. हा एकच निकष पाळला असता तर माझी डिपस्टिक वर आली नसती.

याच वेळी पीसीव्ही काढून तपासा. इंजिनाच्या बाजूनं फुंकलं तर हवा जावी, मॅनिफोल्डच्या बाजूनं फुंकलं तर अडावी. (तोंड लावण्याआधी पुसून घ्या. ती चव दिवसभर जात नाही.) दोन्हीकडून हवा जात असेल तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये भरतोय. नवा घेताना तुमच्या इंजिनाचाच पार्ट नंबर घ्या. दिसायला सारख्या दोन व्हॉल्व्हच्या आतल्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात.

डबा कुठे आणि किती

रस्त्यावरच्या गाडीसाठी माझी पसंती दोन स्वतंत्र डब्यांना आहे, किंवा आतून पूर्ण वेगळे दोन कप्पे असलेल्या एका डब्याला. एक डबा पीसीव्ही आणि मॅनिफोल्डच्या मध्ये, दुसरा टॅपेट कव्हर आणि टर्बोच्या तोंडाच्या मध्ये. मूळ रचना जशीच्या तशी राहते, फक्त दोन्ही वाटांवर चाळण बसते. एकच डबा परवडत असेल तर गाडी कशी चालवता ते बघा. शहरात, आयडलवर, कमी वेगात जास्त वेळ जात असेल तर पीसीव्हीच्या वाटेवर लावा. ट्रॅकवर किंवा कायम बूस्टमध्ये असाल तर ब्रीदरच्या वाटेवर.

आता सर्वांत जास्त दिसणारी चूक. एकच साधा डबा घेतात, त्याला तीन-चार तोंडं असतात. पीसीव्हीचा पाइपही त्यात, ब्रीदरचाही त्यातच, आणि वरून एक पाइप मॅनिफोल्डला, एक टर्बोच्या तोंडाला. दिसतं नीटनेटकं. पण आयडलला काय होतं बघा. मॅनिफोल्ड हवा ओढतो, आणि त्या हवेला सर्वांत सोपी वाट मिळते ती टर्बोच्या तोंडाकडून डब्यात आणि डब्यातून सरळ मॅनिफोल्डमध्ये. क्रँककेसमधून जायची तिला गरजच उरत नाही. इंजिनाच्या पोटातली ओल आणि इंधनाची वाफ तिथेच मुरते, झाकणाखाली पिवळट साय धरते आणि ऑइल वेळेआधी खराब होतं. माणूस मात्र डबा कोरडा बघून इंजिन ठणठणीत आहे म्हणून खूश.

डबा निवडताना बाहेरच्या रंगापेक्षा आतली रचना बघा. रिकाम्या डब्यात धुकं एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं तसंच निघून जातं. आत आडवी पत्र्याची भिंत हवी, आलेली हवा आधी खाली वळली पाहिजे, जाळीतून गेली पाहिजे आणि मगच वर चढून बाहेर पडली पाहिजे. जाळी स्टेनलेस स्टीलची आणि घट्ट बसवलेली असावी. भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तिची एक तार सुटून टर्बोच्या पात्यात गेली की त्या बचतीचा हिशेब फार महागात पडतो.

रस्त्यावर अर्धा-पाऊण लिटरचा डबा पुरतो. स्पर्धेत उतरायचं असेल तर नियम आधी वाचा. एफआयएच्या (मोटर स्पर्धांची जागतिक संघटना) नियमांत २००० सीसीपर्यंतच्या इंजिनाला किमान २ लिटर आणि त्यावरच्या इंजिनाला ३ लिटरचा कॅच टँक सांगितलाय, आणि आतली पातळी बाहेरून दिसली पाहिजे. शेवटची गोष्ट, डब्याच्या निपलमध्ये कॅलिपर घालून आतला व्यास मोजा. बाहेरून १९ चा पाइप चढतो आणि आतून निपल १२ चं निघतं, हा अनुभव नेहमीचा. कुठल्याही वाटेची रुंदी तिच्यातल्या सर्वांत अरुंद जागेएवढीच असते. पीसीव्हीच्या वाटेला मात्र बारीक पाइप चालतो, कारण पीसीव्हीचं भोकच मुळात लहान असतं.

पाइप आणि जागा

पाइप ऑइल सहन करणारा हवा. नायट्राइल रबर चांगलं. आतून फ्लोरो रबराचं अस्तर असलेला त्याहून चांगला. रंगीत साधा सिलिकॉन पाइप बॉनेटखाली छान दिसतो, पण त्यातून ऑइल झिरपतं आणि काही महिन्यांत तो बाहेरून चिकट होतो. हीटरचा पाइप तर वापरूच नका, ते रबर ऑइलनं फुगतं. पीसीव्हीच्या बाजूचा पाइप जाड भिंतीचा किंवा तार घातलेला घ्या, नाहीतर आयडलच्या व्हॅक्यूमनं तो चपटा होतो. गाडी बंद केली की पुन्हा गोल होतो, त्यामुळे दोष सापडता सापडत नाही.

डबा एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब, शक्य तितक्या थंड जागी बसवा. गार भिंतीवरच वाफ नीट जमते. ब्रॅकेट बॉडीला बोल्टनं पक्कं करा. प्लास्टिकच्या पट्टीवर लटकलेला भरलेला डबा खड्ड्यात हिंदकळून कधीतरी सुटणारच. खालचा ड्रेन हात घालून उघडता येईल असा ठेवा. जो ड्रेन काढायला बंपर उतरवावा लागतो तो कोणी रिकामा करत नाही, हे मी माझ्यावरूनच सांगतो. पाइपाचा उतार एकसारखा हवा, एकतर सगळा डब्याकडे किंवा सगळा इंजिनाकडे. मध्ये पाइपाला पोट सुटू देऊ नका. त्या खोलगट जागी ऑइल-पाणी साचून बूच बसतं.

टॅपेट कव्हरला नवं तोंड पाडायची वेळ आलीच तर आतली भिंत कुठे आहे ते कव्हर काढून बघा. कॅमच्या किंवा टायमिंग चेनच्या बरोबर वर भोक पाडलं तर ऑइल पिचकारीसारखं पाइपात येतं आणि डबा एका फेरीत भरतो. कव्हर गाडीवर ठेवून ड्रिल चालवायचं नाही, बारीक चुरा थेट इंजिनात पडतो.

जोडणी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मूळ पाइप काढण्यापूर्वी फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. पीसीव्ही त्याच्या जागीच राहू द्या. तिथून पाइप डब्याच्या आत जाणाऱ्या तोंडाला, डब्याच्या बाहेर येणाऱ्या तोंडापासून पाइप मॅनिफोल्डला. आणि मॅनिफोल्डच्या अगदी अलीकडे एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही, हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा), बाण मॅनिफोल्डकडे.

हा एनआरव्ही नेमका तिथेच का? पीसीव्ही इंजिनावर आहे, म्हणजे बूस्ट आल्यावर मॅनिफोल्डमधला दाब पाइपातून मागे येऊन डब्यात भरेल आणि पीसीव्हीशी जाऊन थांबेल. तो डबा अशा दाबासाठी बनवलेला असतोच असं नाही. झाकणाचं ओ-रिंग सुटतं, पाइप क्लॅम्पमधून निसटतो, आणि बूस्ट कुठे गळतोय ते शोधण्यात सुट्टीचा दिवस जातो. मॅनिफोल्डच्या तोंडाशीच वाट अडवली की डब्यावर फक्त व्हॅक्यूम येतो. व्हॉल्व्ह बूस्ट आणि उष्णता सहन करणारा घ्या, बसवण्यापूर्वी दोन्हीकडून फुंकून बघा.

ब्रीदरच्या वाटेवर टॅपेट कव्हरपासून डबा, आणि डब्यापासून टर्बोच्या तोंडाचा पाइप. इथे एनआरव्ही लावायचा नाही. हाच तो दुतर्फी रस्ता. अडवला तर आयडलला ताजी हवा येणं थांबेल. गाडीत एअर फ्लो सेन्सर असेल तर जोड त्याच्या पुढे, म्हणजे सेन्सर आणि टर्बोच्या मध्येच राहिला पाहिजे. नाहीतर न मोजलेली हवा इंजिनात शिरते आणि आयडल हलायला लागतो.

डब्यावर छोटा फिल्टर लावून वाफ मोकळ्या हवेत सोडायची टूम मला पटत नाही. बहुतेक उत्सर्जन नियमांना ती रस्त्यावर चालत नाही, केबिनमध्ये वास येतो, आणि टर्बोच्या तोंडाची फुकटची ओढही गमावते. ट्रॅकवरच्या गाडीत करायचंच असेल तर इनटेकवरची रिकामी झालेली सगळी तोंडं घट्ट बंद करा.

तपासणी

गाडी चालू करून आयडल ऐका, झाकणाची ओढ बघा, मग पुन्हा बूस्टमधला दाब मोजून आधीच्या आकड्याशी ताडा. स्कॅनर असेल तर फ्यूल ट्रिम (कॉम्प्युटर इंधनात किती टक्के फेरफार करतोय तो आकडा) बघा. काम करण्यापूर्वीच्या आकड्यापेक्षा तो ४-५ टक्क्यांनी वर सरकला असेल तर कुठेतरी हवा आत खेचली जातेय.

बूस्ट लीक टेस्ट (इनटेकमध्ये हवा भरून गळती शोधणं) करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. टर्बोच्या तोंडाला टोपी लावून कॉम्प्रेसरनं हवा भरता, तेव्हा ब्रीदरचा पाइप त्याच भागाला जोडलेला असतो. म्हणजे तीच हवा क्रँककेसमध्येही भरते, आणि इंजिन बंद असताना तिला वाट नसते. क्रँकचं मागचं सील असंच जातं, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ब्रीदर आधी काढा, त्याचं इनटेककडचं भोक बुचानं बंद करा, ऑइलचं झाकण काढून ठेवा आणि मगच दाब द्या.

नंतरची देखभाल

पहिल्या ३०० किलोमीटरनंतर डबा उघडा, मग दर हजाराला. थंडीत, छोट्या फेऱ्यांच्या दिवसांत जास्त लवकर. निघेल ते शुद्ध ऑइल नसेल. गार हवेत कॉफीच्या फेसासारखा पांढरट-तपकिरी लगदा निघाला तर लगेच हेड गॅस्केटच्या नावानं रडू नका. पाण्याची वाफ आणि ऑइल एकत्र घुसळलं की असंच दिसतं. कूलंटची पातळी उतरत असेल किंवा डिपस्टिकवरही तोच लगदा असेल तर मात्र प्रकरण वेगळं.

जिथे तापमान शून्याखाली जातं तिथे हे पाणी पाइपात गोठतं आणि वाट पूर्ण बंद होते. पाइपाला इन्सुलेशन गुंडाळा, डबा रोज रिकामा करा, किंवा हिवाळ्यापुरता मूळ पाइप परत लावा. मी तिसरा पर्याय निवडेन.

डब्यातला द्रव परत इंजिनात ओतायचा नाही. त्यात इंधन, पाणी आणि आम्ल असतं. तो पेटही घेतो, म्हणून वापरलेल्या ऑइलसोबत बंद कॅनमध्ये ठेवून विल्हेवाटीला द्या. ओतण्यापूर्वी मापात घेऊन किती मिली निघाला ते किलोमीटरसकट वहीत लिहा. माझ्या वहीत हजार किलोमीटरला दोन-तीन चमचे हा नेहमीचा आकडा आहे. एका महिन्यात तो अचानक तिप्पट झाला होता. पाहिलं तर ऑइल बदलताना मीच अर्धा लिटर जास्त भरलं होतं.